निळी चिमणी भुर्र!

सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लालसर केशरी गोल्डन गेट ब्रिज, उतारावरून खडखडत येणारी केबल कार, समुद्रातला अल्काट्राझचा तुरुंग आणि ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालायला लावणारं धुकं. ऑनसाइटला जाऊन आलेल्या प्रत्येक मित्राच्या अल्बममध्ये हे चार फोटो असतातच असतात. पाचवा फोटो फारसा कुणी काढत नाही. तो आहे ‘१३५५, मार्केट स्ट्रीट’ या पत्त्याचा. एक जुनी, अकरा मजली, दणकट इमारत. बाहेरून पाहिलं तर आपल्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एखाद्या बिल्डिंगची लांबची बहीण वाटावी अशी!

पण या एका इमारतीसाठी एका आख्ख्या शहराने आपला करच माफ करून टाकला होता. कारण? भाडेकरू होता ट्विटर.

‘आमच्या शहरात या, आम्ही टॅक्स घेणार नाही’ ही ऑफर आपल्याला नवी नाही. आपल्यातल्या निम्म्या जणांची नोकरीच असल्या कुठल्या तरी ऑफरमुळे जन्माला आलीय. म्हणूनच २०२४च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोला जायचा योग आला, तेव्हा ठरवलं की ब्रिज नंतर. आधी हा रस्ता पायी पालथा घालायचा. मार्केट स्ट्रीट, टोकापासून.

घड्याळापासून सुरुवात

मार्केट स्ट्रीट हा रस्ता म्हणजे शहराच्या नकाशावर कुणीतरी पट्टीने मारलेली तिरकी रेघ. एका टोकाला खाडीच्या काठावर १८९८ सालची फेरी बिल्डिंग आणि तिचा घड्याळाचा उंच टॉवर. आपल्या राजाबाई टॉवरची आठवण येतेच. तिथून चालायला लागायचं. सुरुवातीला बँका, काचेचे मनोरे, टाय लावलेली माणसं. रस्त्याच्या मधोमध जगभरातून गोळा केलेल्या जुन्या ट्राम धावतात. मिलानची एखादी ट्राम घणघणत शेजारून जाते आणि मुंबईकराला उगाचच हळहळायला होतं, कारण आपण आपली ट्राम १९६४मध्येच बंद करून टाकली.

२०२० सालच्या जानेवारीत या रस्त्याच्या मोठ्या भागावर खासगी गाड्यांना बंदी झाली. त्यामुळे चालायला एकदम मस्त. पॉवेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर केबल कार हाताने ढकलून गोल फिरवतात आणि सभोवती टुरिस्टांची ही गर्दी! इथपर्यंत सगळं पोस्टकार्डासारखं चकाचक.

मग पाचवी गल्ली ओलांडायची. आणि बॉस, सीनच बदलतो.

दुकानांची शटरं खाली. काचांवर ‘भाड्याने देणे आहे’चे बोर्ड. कोपऱ्यावर घोंगडी पांघरून बसलेली माणसं, कुणी स्वतःशीच बोलणारं, कुणी कमरेत वाकून उभ्या उभ्या झोपलेलं. मध्येच भव्य जुनी थिएटरं – वॉरफिल्ड, गोल्डन गेट, ऑर्फियम. तिन्ही १९२०च्या दशकातली. हा पाचव्यापासून साधारण दहाव्या गल्लीपर्यंतचा पट्टा म्हणजे ‘मिड-मार्केट’. एके काळी इथे सिनेमा बघायला आख्खं शहर नटूनथटून यायचं. फॉक्स नावाचं राजवाड्यासारखं थिएटर तर १९६३मध्ये पाडलंच. पुढे जमिनीखालून बार्टची, म्हणजे तिथल्या लोकलची, लाइन टाकायला हा रस्ता कित्येक वर्षं खणून ठेवला होता. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. (मेट्रोच्या पत्र्यांमागे दुकान चालवणाऱ्या आपल्या कुणालाही विचारा, हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.)

त्यानंतरच्या प्रत्येक महापौराने मिड-मार्केट सुधारायची घोषणा केली. रस्ता आपला ढिम्म.

दीड टक्क्याची गोष्ट

आता थोडं गणित. घाबरू नका, सॅलरी स्लिपइतकंच सोपं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा एक वेगळाच कर होता. कंपनी शहरात जेवढा पगार वाटेल, त्याच्या दीड टक्का कर कंपनीने शहराला द्यायचा. म्हणजे एक लाख डॉलर पगाराचा एक माणूस ठेवला की वर्षाला दीड हजार डॉलर. असे हजार जण ठेवले की पंधरा लाख डॉलर, आजच्या दराने बारा कोटी रुपयांच्या पुढे! कॅलिफोर्नियातल्या बाकीच्या मोठ्या शहरांत असा कर नव्हता. म्हणजे नोकरी दिली म्हणून दंड, असाच हा प्रकार.

त्यात आणखी एक गोम होती. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या स्टॉक ऑप्शन्सच्या कमाईवरही हा कर लागायचा. ट्विटर २००६मध्ये याच शहरात जन्मलं होतं आणि २०११मध्ये दणादण वाढत होतं. उद्या शेअर बाजारात उतरलं, तर कराचा आकडा डोळे पांढरे करणारा झाला असता. कंपनीने सांगितलं, आम्ही दक्षिणेला ब्रिस्बेनला जातो. ब्रिस्बेन म्हणजे ऑस्ट्रेलियातलं नव्हे, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेशीवरचं चिमुकलं गाव.

शहराच्या पोटात गोळा आला. २००८ची मंदी अजून अंगावर होती. एड ली जानेवारी २०११मध्येच महापौरपदी बसले होते. त्यांनी आणि नगर परिषदेने तोडगा काढला. मिड-मार्केट आणि शेजारच्या टेंडरलॉइनच्या काही भागात जी कंपनी येईल, तिने नव्याने वाढवलेल्या पगारावर सहा वर्षं हा कर भरायचा नाही. एप्रिल २०११मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी ठराव पास. कागदावर नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याचं बारसं केलं ‘ट्विटर टॅक्स ब्रेक’.

गंमत बघा. आपल्याकडे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या कंपन्यांची इन्कम टॅक्सची सूट संपली ती ३१ मार्च २०११ला. आणि त्याच आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्को आपल्या टेक कंपन्यांसाठी नवी सूट शिजवत होतं!

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारची उद्योगांना प्रोत्साहन देणारी सामूहिक योजना १९६४पासून आहे, पण तिचा मूळ हेतू उलटा – मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातून उद्योग बाहेर काढून मागास भागात न्यायचे. आपण पैसे मोजले ते ‘शहराबाहेर जा’ म्हणून. त्यांनी मोजले ते ‘शहराच्या मधोमध या’ म्हणून.

कँटीनमध्ये लाकडी खोपट्या

जून २०१२मध्ये ट्विटर १३५५ नंबरमध्ये राहायला आलं. ही इमारत १९३७ची, फर्निचरच्या घाऊक बाजारासाठी बांधलेली. आत आता गच्चीवर बाग, फुकट नाश्ता, फुकट जेवण आणि मोंटाना राज्यातून उचलून आणलेल्या जुन्या लाकडी खोपट्या, बसून गप्पा मारायला. पाठोपाठ झेंडेस्क, यामर, स्पॉटिफाय आले. त्याच रस्त्यावर १४५५ नंबरमध्ये स्क्वेअर आणि उबर. नोव्हेंबर २०१३मध्ये ट्विटर शेअर बाजारात उतरलं आणि रातोरात किती तरी जण लखपती झाले. डॉलरमध्ये!

माझी मामेबहीण याच सुमारास हिंजवडीतून इथे आली. आम्ही सगळी भावंडं तिला ताई म्हणतो. तिचं ऑफिस मिड-मार्केटमध्येच होतं. कंपनीचं नाव नको. “तेव्हा रोज एक नवं काहीतरी उघडायचं गं,” ती सांगत होती. “कॉफीवाला, सायकलवाला, तो भातावर काहीबाही घालून देणारा कोरियन. बार्टमधून वर आलं की वाटायचं, आपण शहराच्या पोटातच काम करतोय. हिंजवडीला काय होतं, गेट, गार्ड आणि ट्रॅफिक!”

तिचा उत्साह खोटा नव्हता. रस्त्यावर वर्दळ आली. रिकाम्या इमारतींना रंग लागला. करसवलतीच्या बदल्यात मोठ्या कंपन्यांना शहराशी एक करार करावा लागायचा – वस्तीसाठी काय करणार ते लिहून द्या. कुणी शाळांना कॉम्प्युटर दिले, कुणी लंगरात वाढायला माणसं पाठवली. ट्विटरने २०१५मध्ये गरीब कुटुंबांसाठी कॉम्प्युटर शिकायचं एक केंद्रही काढलं.

पण मी ताईला विचारलं, “दुपारी जेवायला बाहेर जायचात?”

ती हसली. “छे. आत फुकट असायचं ना.”

इथेच तर खरी ग्यानबाची मेख आहे. शहराचा हिशेब असा की कंपनीचा कर सोडू, पण हजारो पगारदार रस्त्यावर उतरतील, सँडविच घेतील, चपला घेतील, सलूनमध्ये जातील. त्यातून दुकानं चालतील, दुकानांचा कर येईल. पण माणसं सकाळी बार्टमधून थेट लिफ्टमध्ये आणि संध्याकाळी लिफ्टमधून थेट बार्टमध्ये! २०१८च्या जुलैमध्ये तर दोन नगरसेवकांनी प्रस्ताव आणला, की यापुढे नव्या ऑफिस इमारतींत कँटीनच नको, लोकांना बाहेर येऊन जेवू दे. तो काही कायदा झाला नाही. पण शहर कशाने वैतागलं होतं ते कळलं.

फुकट जेवणाच्या दोन रांगा

१३५५पासून दहा-पंधरा मिनिटं उत्तर-पूर्वेला चाला. गोल्डन गेट ॲव्हेन्यूवर सेंट अँथनीज नावाचं अन्नछत्र आहे. १९५०पासून इथे फुकट जेवण मिळतं. मी गेले तेव्हा दुपारची रांग लागली होती. म्हातारे, व्हीलचेअरवरचे, पाठीवर घरदार घेतलेले, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तिशीतला तरुणही. कुणाकडे आधारकार्डासारखं काही मागत नव्हते. या आणि जेवा.

हे टेंडरलॉइन. मिड-मार्केटची सख्खी शेजारीण. शहरातल्या सगळ्यात गरीब वस्त्यांपैकी एक, तीही अगदी मोक्याच्या जागी. कशी काय टिकली? इथे जुनी ‘रेसिडेन्शियल हॉटेलं’ आहेत. एकेक खोली, संडास-बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला, महिन्याच्या भाड्यावर. म्हणजे आपली चाळच म्हणा ना, फक्त गॅलरीतल्या गप्पा नाहीत. या खोल्या मोडून टुरिस्ट हॉटेल करायला १९८१च्या एका कायद्याने मोठा अडसर घातला. म्हणून गरीब माणूस शहराच्या मध्यावर टिकून राहिला.

आणि यातली कित्येक हॉटेलं कुणाची माहितीये? पटेलांची! गुजरातमधून आलेल्या कुटुंबांनी १९४०च्या दशकापासून या धंद्यात पाय रोवले. अशाच एका हॉटेलच्या काउंटरवर, जाळीमागे, एक साठीतले काका बसले होते. मी मुंबईची म्हटल्यावर जाळीचं दार उघडून चहा आला. आलं घातलेला, कपबशीतला.

“कंपनी आली त्याचा आम्हाला काही त्रास नाही,” काका मुंबईच्या हिंदीत म्हणाले. “पण कंपनी येणार म्हटल्याबरोबर आजूबाजूच्या मालकांनी दुकानांची भाडी वाढवली. बेटा, टॅक्स माफ झाला कंपनीचा आणि फायदा गेला बिल्डिंगवाल्याला. आता कंपनी गेली. पण खालचं दुकान सोडून गेलेला तो न्हावी काय परत येणार आहे?”

काकांनी इकॉनॉमिक्सचा आख्खा धडा चहाच्या एका कपात बुडवून दिला. सवलत एका ठरावीक जागेपुरती असली, की तिची किंमत त्या जागेच्या भाड्यात मुरते. त्या पट्ट्यात गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्था होत्या, त्यांचीही भाडी चढली. मग २०१४मध्ये शहराने भाडेवाढीने हलवल्या जाणाऱ्या अशा संस्थांसाठी वेगळा मदतनिधी काढला. म्हणजे एका सवलतीचं ओझं पेलायला दुसरी सवलत!

मग सवलतीने झालं तरी काय?

प्रामाणिक उत्तर असं, की रस्ता बदलला हे खरं, पण सवलतीनेच बदलला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. २०११ ते २०१९ ही टेक कंपन्यांची सोन्याची वर्षं होती. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोत जिथे सवलत नव्हती तिथेही कंपन्या धावत आल्या. शहरातला सर्वात उंच सेल्सफोर्स टॉवर २०१८मध्ये उघडला, तो मिड-मार्केटच्या पट्ट्याबाहेरच.

दुसरं म्हणजे, तो दीड टक्क्याचा विचित्र करच शहराने नंतर बदलला. २०१२मध्ये मतदारांनी ठरवलं, की पगारावरचा कर हळूहळू कमी करायचा आणि त्याऐवजी उलाढालीवर कर लावायचा. मला विचाराल तर, खरा उपाय हा होता. चुकीचा कर सगळ्यांसाठी दुरुस्त केला, तर सूट देण्यासाठी एखादा खास रस्ता आणि एखादी खास कंपनी निवडायची वेळच येत नाही.

सवलतीच्या बाजूचाही मुद्दा ऐका. ट्विटर खरंच ब्रिस्बेनला गेलं असतं, तर शहराला तो कर मिळणारच नव्हता. जे येणार नव्हतंच, त्यावर पाणी सोडण्यात तोटा कसला? शिवाय एक मोठं नाव आलं की बाकीचे धीर करतात. एखाद्या नवख्या फूड कोर्टात पहिला स्टॉल जाऊन-येऊन नावाजलेल्याच वडापाववाल्याला कमी भाड्यात देतात, तसंच हे. लॉजिक चुकीचं नाही. फक्त त्या स्टॉलवाल्याने दुकान गुंडाळलं तर काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सवलत २०१९मध्ये संपली. आणि वर्षभरात कोरोना आला.

‘कायमचं घरून काम करा’

नियतीला पण विनोदबुद्धी असते. मे २०२०मध्ये ‘हवं तर कायमचं घरून काम करा’ असं कर्मचाऱ्यांना सांगणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती ट्विटर! ज्या कंपनीची माणसं रस्त्यावर चालावीत म्हणून शहराने कर सोडला, तिनेच सांगितलं, येऊ नका.

उबर २०२१मध्ये मिशन बेला गेलं. स्क्वेअरने २०२३मध्ये जागा सोडली. आठव्या गल्लीच्या कोपऱ्यावर मार्च २०२२मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेलं होल फूड्सचं दुकान तेराव्या महिन्यात बंद. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्कने ट्विटर विकत घेतलं. जानेवारी २०२३मध्ये ऑफिसातल्या खुर्च्यांपासून कॉफी मशिनपर्यंत सगळ्याचा लिलाव. निळ्या चिमणीचा एक पुतळा गेला एक लाख डॉलरला. जुलैमध्ये नाव बदलून ‘एक्स’ झालं. बाहेरची पाटी उतरवायचं काम पोलिसांनी मध्येच थांबवलं आणि थोडा वेळ तिच्यावर शेवटची दोन अक्षरं तेवढी लटकत राहिली. मग गच्चीवर लखलखणारा भलामोठा एक्स चढला. समोरच्या घरांतल्या लोकांची झोप उडाली, तक्रारी झाल्या, काही दिवसांत तोही उतरला.

सप्टेंबर २०२४मध्ये हे ऑफिस बंद झालं आणि मुख्यालय गेलं टेक्सासला. मी पोचले ती त्यानंतर काही आठवड्यांनी. दारासमोर एक सिक्युरिटी गार्ड मोबाइलवर मॅच बघत बसला होता. फुटपाथवर दोन-चार माणसं. त्यातला एक माझ्यासारखाच, फोटो काढायला आलेला. पुढे २०२५मध्ये इमारतीवरची ती बारा फुटी निळी चिमणीही लिलावात गेली, सुमारे ३४ हजार डॉलरला. आपल्या भाषेत सांगायचं तर – चिमणी भुर्र!

ताईची गोष्ट इथेच येते. तिच्या कंपनीने २०२२च्या शेवटी जी माणसं काढली, त्यात तीही होती. एच-वन-बी व्हिसावर असाल तर हातात साठ दिवस. साठ दिवसांत नवी नोकरी, नाहीतर सामान बांधा. मुलगी तिसरीत, घराचं भाडं चालू. त्रेपन्नाव्या दिवशी तिला नोकरी मिळाली. आता ती फ्रीमाँटहून आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास बार्टने येते. नवं ऑफिस मिड-मार्केटमध्ये नाही.

“त्या करारात मुलांना कॉम्प्युटर होते, रस्ता झाडायला माणसं होती,” ती म्हणाली. “पण नोकरी किती वर्षं टिकवणार, असा एक शब्द त्यात असता तर?”

मी काही बोलले नाही. करार कंपनी आणि शहराचा होता. त्या करारात ताई नव्हतीच.

आता छोटे स्टॉल

आम्ही दोघी मार्केट स्ट्रीटवरून परत पाचव्या गल्लीकडे निघालो. शहरात महापौरपदाची निवडणूक होती, खांबाखांबावर पोस्टर्स. मुद्दा एकच, डाउनटाउन परत कसं उभं करायचं. २०१९मध्ये शहरातली पाच टक्क्यांच्या आसपास ऑफिसं रिकामी होती. २०२३पर्यंत तो आकडा तीस टक्क्यांच्या वर गेला.

मग काय, पुन्हा सवलती. पण या वेळी जरा वेगळ्या. २०२३मध्ये ‘व्हेकंट टू व्हायब्रंट’ ही योजना आली. रिकामी पडलेली दुकानं तीन महिने बिनभाड्याने छोट्या व्यावसायिकांना. बेकरी, पुस्तकं, चित्रकार, कॉफीवाला. त्याला शहराची थोडी आर्थिक मदत. जमलं तर पुढे स्वतःचा भाडेकरार करा, नाही जमलं तर राम राम. काहींनी खरंच पुढचे करार केले. नवी दुकानं थाटणाऱ्या छोट्यांना पहिल्या वर्षाची लायसन्स फी माफ, हे २०२१पासूनच. आणि मार्च २०२४मध्ये मतदारांनी आणखी एक गोष्ट मंजूर केली: रिकाम्या ऑफिसांची घरं केली, तर नंतरच्या पहिल्या विक्रीवरचा हस्तांतरण कर माफ. ऑफिसात माणसं येत नाहीत ना, मग तिथे राहायलाच येऊ देत!

मला हा बदल आवडला. एकाच हत्तीला गूळ चारण्यापेक्षा दहा चिमण्यांना दाणे टाकलेले बरे. त्यातल्या दोन उडून गेल्या तरी अंगण ओकं होत नाही.

पाचव्या गल्लीजवळ एक मॉल आहे. २०१६मध्ये बांधून तयार झाला आणि कित्येक वर्षं एकही भाडेकरू मिळाला नाही. २०२०मध्ये आयकियाच्या कंपनीने तो विकत घेतला आणि ऑगस्ट २०२३मध्ये दुकान उघडलं. आम्ही आत शिरलो तर ही गर्दी! जोडपी गादीवर बसून बघतायत, पोरं बाकांवरून उड्या मारतायत. ताईने मुलीसाठी डेस्कचा दिवा घेतला. मी लाकडी हँगर. बाहेर पडलो आणि समोरच्या बंद शटरला टेकून बसलेल्या माणसाने ताईकडे दिव्याचा खोका पाहून विचारलं, “नवीन घर?”

“नाही,” ताई म्हणाली, “जुनंच.”

जाणार असाल तर…

कसं जाल: विमानतळावरून बार्ट पकडा. पॉवेल स्टेशन अर्ध्या तासावर. मिड-मार्केटसाठी सिव्हिक सेंटर हे स्टेशन.

कसं फिराल: फेरी बिल्डिंगपासून दहाव्या गल्लीपर्यंत सुमारे तीन किलोमीटर. जाताना पायी, येताना जुन्या ट्रामने. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वात उबदार, तरी जॅकेट हवंच.

काय बघाल: सिटी हॉलचा घुमट (वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच), टेंडरलॉइन म्युझियम, ऑर्फियमला एखादा शो आणि अर्थात १३५५चा दर्शनी भाग.

काय खाल: टेंडरलॉइनमध्ये जोन्स स्ट्रीटच्या आसपास भारतीय-पाकिस्तानी खानावळी आहेत. बुधवारी आणि रविवारी सिव्हिक सेंटरजवळ १९८१पासून भरणारा शेतकरी बाजार. भाजी ताजी, दर बरे.

जपून: पाचवी ते नववी गल्ली दिवसाउजेडी पाहा. रस्त्यावर बसलेल्या माणसांचे फोटो काढू नका. ते तिथे राहतात, आपण पाहुणे.

आणि एक छोटीशी सूचना. दुपारचं जेवण कृपया बाहेर घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात.